श्मश्रुकर्म

श्मश्रुकर्म : पुरुषाच्या चेहऱ्यावरील व गळ्यावरील केस पात्याने त्वचेलगत कापणे किंवा कात्रीने अथवा यंत्राने कातरून आखूड ठेवणे, या क्रियेस श्मश्रुकर्म म्हणतात. ‘श्मश्रू’ या संस्कृत शब्दाचा अर्थ दाढी-मिशी असा आहे. ‘क्षौर’ हा शब्द क्षुर म्हणजे वस्तरा यावरून आला असून त्यात डोक्याच्या मुंडनाचाही समावेश होतो. व्यवहारात दाढी करणे व हजामत हे शब्द अधिक रूढ आहेत. गालाचा सपाट भाग कोणालाही थोड्या सरावाने स्वच्छ करता येतो. श्मश्रुकर्मातील कौशल्य आणि त्यातील धोके मात्र जबड्याची कड, तिच्याखालील गळा, कंठमणी, हनुवटीवरील खळी, नाकाखालची पट्टी, नाकपुड्या व कान या अडचणीच्या जागी एकवटलेले असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या जागांचा विचार केला आहे.

केसांची ठेवण : वयात येताना पुरुषी हॉर्मोनांच्या, विशेषतः डायहायड्रोटेस्टोस्टेरोनाच्या, प्रभावाने चेहऱ्यावरील मऊ लवेच्या जागी जाड व रंगीत केस येऊ लागतात. प्रथम वरच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत, नंतर संपूर्ण ओठावर व गालांच्या वरच्या भागी आणि सरतेशेवटी गालांच्या कडेला व हनुवटीवर असा हा क्रम सामान्यतः आढळतो. दाढीचा केस दिवसाला सु. ०·३ ते ०·४ मिमी. वाढतो. तो डोक्याच्या केसापेक्षा जाड असून त्याचा छेद पुष्कळदा अनियमित असतो. कोरडा केस ताठ व चिवट असतो. दोन-तीन मिनिटे पाण्याने भिजल्यावर तो फुगतो, त्याची जाडी सु. १४ टक्क्यांनी वाढते आणि तो कापण्यास लागणारा जोर बराच कमी होतो. साबणाच्या फेसाचे खरे काम केस मऊ करण्याचे नसून केसात शिरलेले पाणी टिकवून धरण्याचे व पाते घसरते ठेवण्याचे आहे. फेस लावून लगेच दाढी उरकणाऱ्याला त्याचा अर्धाच लाभ मिळतो.

केस त्वचेतून काटकोनात बाहेर येत नाही, तिरका येतो, आणि हा तिरकेपणा जागोजागी बदलतो. गालावर केसांचा रोख वरून खाली असतो. जबड्याच्या कडेखाली तो बदलतो. गळ्याच्या खालच्या भागी अनेकांचे केस खालून वर, काहींचे कानाकडे आडवे, तर काहींचे भोवऱ्यासारखे वाढतात. दोन्ही बाजूंचा रोख सारखा असतोच असे नाही. तेथील केस त्वचेवर जवळजवळ आडवे पडलेले असल्याने पाते त्यांच्यावरून सरकून जाते व दाढी झाल्यावरही बोटाला खुंट लागतात. धार कमी पडली अशी समजूत होऊन तीच जागा पुनःपुन्हा घासली जाते. वस्तुतः दोष धारेचा नसून कोनाचा असतो. केसाच्या या तिरकेपणाचा परिणाम पात्यावरही होतो. पोलादापेक्षा सु. पन्नास पट मऊ असलेल्या केसाने पाते बोथट कसे होते, याचा उलगडा मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०२० मध्ये केला. केस वाकून पात्याशी तिरका कोन करतो तेव्हा धारेवर पोलादाची घडण जेथे एकजिनसी नसते तेथे धारेचे सूक्ष्म टवके उडतात, असे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले.

न्हाव्याचा हात व स्वतःचा हात : चेहऱ्यावरील काही जागा ‘अडचणीच्या’ ठरतात त्या प्रामुख्याने स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्यास. न्हाव्याला त्या तितक्या अवघड नसतात. त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, समोरचे डोके हवे तसे वळविता येते आणि हनुवटीखालची जागा त्याला सरळ दिसते. स्वतः दाढी करणाऱ्याला ती आरशात, उलटी आणि मान ताणून पाहावी लागते. शिवाय एक हात वस्तऱ्यात गुंतल्यामुळे दुसऱ्या बाजूची त्वचा ताणण्यासाठी हात चेहऱ्यावरून आडवा न्यावा लागतो. भारतात हे काम दीर्घकाळ न्हाव्याकडेच होते. दाढी भादरणाऱ्या वप्त्याची उपमा ऋग्वेदात आली आहे. गृह्यसूत्रांत सोळाव्या वर्षी प्रथम दाढी करण्याचा केशान्त किंवा गोदान हा संस्कार सांगितला आहे. केस, दाढी व नखे पंधरवड्यातून तीन वेळा काढावीत असे चरकसंहितेत म्हटले आहे, तर कामसूत्रातील नागरक दर चौथ्या दिवशी श्मश्रुकर्म करतो. महाराष्ट्रातील बलुतेदारीत न्हाव्याला स्थान होते. धोकटीत वस्तरा, वाटी, चिमटा, कात्री, तुरटी व आरसा घेऊन तो घरोघर फिरे आणि मोबदल्यात सुगीच्या वेळी धान्य मिळे. गिऱ्हाइकाच्या हातात आरसा देऊन त्याचे तोंड उजेडाकडे करून बसविण्याची पद्धत शोभेची नव्हती. गळ्याखाली उजेड पडावा हा तिचा उपयोग होता.

स्वतःची दाढी स्वतः करण्याची कला शिकविणारे पुस्तक झां झाक पेरे या पॅरिसच्या सुरी-कारागिराने १७६९ मध्ये प्रसिद्ध केले. पाते खोल जाऊ नये म्हणून सुताराच्या रंध्याप्रमाणे लाकडी आवरणात बसविलेला वस्तराही त्याने तयार केला होता. या दिशेने निर्णायक बदल अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट याच्या बदलत्या पात्याच्या सेफ्टी रेझरने घडवून आणला. १९०३ मध्ये त्याचे केवळ ५१ रेझर खपले. पुढच्या वर्षी हा आकडा नव्वद हजारांवर गेला आणि त्याच वर्षी, १९०४ मध्ये, त्याला एकस्व मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला लक्षावधी रेझर पुरविण्यात आले व रोज स्वतः दाढी करण्याची सवय घेऊन सैनिक घरी परतले.

सेफ्टी रेझरने घाव खोल जाण्याचे भय पुष्कळ कमी केले, परंतु वस्तऱ्याचा एक मोठा गुण त्यात हरवला. उघड्या वस्तऱ्याचे टोक अरुंद असल्याने ते नाकाखाली, मिशीच्या कडेला व कानाच्या पाळीपुढे सहज पोहोचते आणि धार कोठे टेकली आहे ते दिसते. सेफ्टी रेझरच्या जाड डोक्यामुळे नेमकी तीच जागा झाकली जाते. नंतरच्या सुधारणांचा मोठा भाग ही उणीव भरून काढण्यात खर्च झाला आहे. १९७१ मध्ये दोन पात्यांचे आणि १९७७ मध्ये जबड्याच्या वळणाप्रमाणे कलणाऱ्या डोक्याचे रेझर बाजारात आले. पात्यांची संख्या वाढत पाचांवर गेली तेव्हा डोके एवढे रुंद झाले की, २००६ मध्ये आलेल्या अशा एका रेझरच्या पाठीमागे नाकाखालच्या जागेसाठी वेगळे एकच पाते बसवावे लागले. म्हणजे फिरून वस्तऱ्याच्या टोकाकडेच यावे लागले. विजेवर चालणाऱ्या रेझरचे एकस्व जेकब शिक याने १९३० मध्ये मिळविले. फिरत्या पात्यांचा रेझर फिलिप्स कंपनीने १९३९ मध्ये आणला. या यंत्रांत केस आधी बारीक छिद्रांत किंवा फटींत शिरावा लागतो व मग आतील पाते तो कापते. त्यामुळे गळ्यावरील आडवे पडलेले केस त्यांच्या हाती लागत नाहीत. मोकळ्या हाताने त्वचा रोखाच्या उलट दिशेने ताणून ते उभे केले, तरच ते कापले जातात.

अडचणीच्या जागांची पद्धत : दोन दिवस दाढी न करता बोटाने चाचपून पाहिल्यास केसांचा रोख सहज कळतो. ज्या दिशेने हात गुळगुळीत सरकतो तो सुलट व ज्या दिशेने टोचते तो उलट. पहिला हात नेहमी सुलट असावा. पात्याचा त्वचेशी कोन सु. ३० अंश ठेवून, जोर न देता, आखूड हात मारावेत. अधिक स्वच्छता हवी असल्यास पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा घ्यावा. उलटा हात गालावर बहुतेकांना सोसतो, गळ्यावर मात्र सोसेलच असे नाही.

जबड्याच्या कडेवर पाते हाडाच्या धारेवर टेकते व तेथेच कापण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तेथील त्वचा बोटांनी वर गालाकडे ओढली म्हणजे जबड्याखालचा भाग हाडावर येऊन सपाट होतो. कंठमण्यावर मान मागे टाकून त्वचा ताणण्याची अनेकांची सवय चुकीची आहे. त्यामुळे उंचवटा अधिकच पुढे येतो. मान सरळ ठेवून त्या जागेची त्वचा डावी-उजवीकडे सरकवून शेजारच्या मऊ भागावर घ्यावी व तेथे कापावी. वरचा ओठ दातांवरून खाली ताणून, नाकाचे टोक बोटाने किंचित वर उचलून, नाकाखालचे केस मधून बाहेर असे घ्यावेत. खालच्या ओठाखालील खोलगट भाग ओठ दातांवर आत ओढल्याने सपाट होतो. हनुवटीवर खळी असल्यास ती दोन बोटांनी फाकवून उभी कापावी. रुंद डोक्याचे रेझर तेथे उपयोगी पडत नाही. उतारवयात नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत उतरणाऱ्या घड्या खोल होतात व त्यांच्या तळाशी केस राहून जातात. गाल आतून जिभेने फुगविल्यास त्या उघडतात. दात पडलेल्यांनी कवळी लावूनच दाढी करावी. तिच्यावाचून गाल आत बसतात व पात्याला आधार उरत नाही.

अडचणीच्या जागी दाढी सफाचट करण्याऐवजी ती कातरून ठेवणे पुष्कळांना अधिक हिताचे असते. कातरणी यंत्रात दोन दातेरी पट्ट्या एकमेकींवर सरकतात व वर लावलेल्या फणीवरून केसांची लांबी ठरते. दाढी राखणाऱ्यांच्या बाबतीत गळ्यावरील सीमारेषा कोठे घ्यावी हा नेहमीचा प्रश्न असतो. ती जबड्याच्या कडेवर घेतल्यास बोलताना व मान वर करताना रेषा गालावर चढलेली दिसते. म्हणून कंठमण्यापासून सु. दोन बोटे वर, दोन्ही कानांमागे जाणाऱ्या वळणात ती घेण्याचा प्रघात आहे.

आत वळणारे केस : फार खोलवर केलेल्या दाढीचा सर्वांत सामान्य दुष्परिणाम गळ्यावर दिसतो. कापलेल्या केसाचे टोक तिरके व अणकुचीदार होते. तो कुरळा असल्यास बाहेर येऊन वळतो व शेजारच्या त्वचेत पुन्हा शिरतो. त्वचा ताणून किंवा अनेक पात्यांच्या रेझरने दाढी केल्यास दुसरा प्रकार घडतो. पहिले पाते केस किंचित बाहेर ओढते, पुढचे त्याला खाली कापते आणि उरलेला केस त्वचेच्या पातळीखाली मागे सरकून केसपुटकाची भिंत आतूनच भोसकतो. शरीर त्याला परकी वस्तू मानते व तेथे लाल, टोचणारी, काळे डाग मागे ठेवणारी पुटकुळी उठते. या विकाराला आभासी केसपुटकशोथ म्हणतात. त्याचे सविस्तर वर्णन स्ट्रॉस व क्लिगमन यांनी १९५६ मध्ये केले. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत तो फार मोठ्या प्रमाणात आढळतो. अमेरिकी सैन्यात अशा सैनिकांना दाढी न करण्याची वैद्यकीय सवलत द्यावी की नाही, यावर अनेक दशके वाद चालू राहिला. भारतातही कुरळ्या केसांच्या पुरुषांत हा विकार दुर्मिळ नाही, परंतु पुष्कळदा त्याला तारुण्यपीटिका समजून भलतेच उपचार केले जातात. उपाय साधा आहे : काही आठवडे दाढी थांबवावी आणि नंतर केस सु. एक मिमी. राहतील असे कातरावेत किंवा एकाच पात्याने, त्वचा न ताणता, सुलट दाढी करावी. आत वळलेला केस सुईने हलकेच बाहेर काढावा, उपटू मात्र नये. उपटलेला केस पुन्हा वाढताना त्याच मार्गाने आत शिरतो.

नाकातील केस : नाकपुडीच्या दाराशी असलेले जाड केस धूळ व परागकण अडवितात. हंगामी नासाशोथ असणाऱ्या रुग्णांची पाहणी करून २०११ मध्ये तुर्की संशोधकांनी असे नमूद केले की, नाकात केस विरळ असणाऱ्यांत दम्याचे प्रमाण अधिक होते. म्हणून हे केस समूळ काढण्याचे कारण नाही. नाकपुडीबाहेर डोकावणारे तेवढे कातरावेत. त्यासाठी गोल टोकाची लहान कात्री किंवा झाकणाच्या फटींआड फिरणारे पाते असलेले यंत्र वापरावे.

हे केस चिमट्याने उपटण्याची सवय मात्र धोक्याची आहे. अनेक निरोगी व्यक्तींच्या नाकपुड्यांत पुंजगोलाणू कायम वस्तीला असतात. केस उपटल्यावर उघड्या पडलेल्या केसपुटकात ते शिरून केसतूड होते. नाक व वरचा ओठ येथील नीलांचा डोळ्याच्या खोबणीतील नीलांशी व त्यांच्याद्वारे मेंदूच्या तळाशी असलेल्या नीलाकोटराशी संबंध असतो. या नीलांत झडपा नसतात असे पूर्वी शिकविले जाई. झडपा असतात हे आता दिसून आले आहे, तथापि त्यांतून रक्त उलट दिशेने वाहू शकते, हा मुख्य मुद्दा बदलत नाही. केसतूड पिळल्यास जंतू या मार्गाने आत जाऊन नीलाकोटरात रक्ताची गुठळी होऊ शकते. प्रतिजैविकांपूर्वी हा विकार जवळजवळ हमखास प्राणघातक असे. आज तो विरळा असला तरी गंभीर आहे. नाकावरील वा ओठावरील फोडाबरोबर ताप, तीव्र डोकेदुखी, पापणीला सूज किंवा एकाचे दोन दिसणे ही लक्षणे आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. नाकातील केस कधीही उपटू नयेत, त्याने दृष्टी लवकर दुर्बल होते, असे भावमिश्राने सोळाव्या शतकात भावप्रकाशात सांगून ठेवले आहे. त्याने दिलेले कारण आजच्या शारीरविज्ञानाशी जुळत नाही, पण निषेध योग्य आहे आणि डोळ्याचा उल्लेख अगदीच अस्थानी म्हणता येत नाही.

कानावरील केस : चाळिशीनंतर कानाच्या दारावरील उंचवट्यावर व पाळीच्या कडेवर जाड केस येऊ लागतात. पाळीवरील दाट केस हा वाय गुणसूत्रावरून केवळ पित्याकडून पुत्राकडे जाणारा गुण आहे, असे आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ शिकविले गेले. दक्षिण भारतातील पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या समजुतीला आधार मिळाला नाही. कडेवरील केस कातरणी यंत्राने किंवा पाळी दोन बोटांत धरून कात्रीने काढावेत. कर्णनलिकेच्या आत कोणतेही पाते वा कात्री घालू नये. तेथील त्वचा हाडाला चिकटलेली व पातळ असून लहानशा ओरखड्यानेही कर्णनलिकाशोथ होतो. वृद्ध मधुमेही व्यक्तीत तो कवटीच्या हाडापर्यंत पसरण्याचा संभव असतो.

संसर्ग : अडचणीच्या जागी होणारे बारीक काप पुष्कळदा दिसत नाहीत, पण रक्ताने पसरणाऱ्या रोगांना तेवढी वाट पुरते. यकृतशोथ ब चा व्हायरस वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी करण्याच्या पद्धतीतील मुख्य धोका तोच आहे. एचआयव्हीबद्दलची भीती अधिक बोलली जाते, परंतु तो व्हायरस शरीराबाहेर लवकर निष्प्रभ होतो. बदलत्या अर्ध्या पात्याचा वस्तरा आता सलूनांत सर्रास दिसतो. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवे पाते मोडून बसविले जात असेल, तरच त्याचा उपयोग. तुरटी प्रथिनांचे साखळण करून रक्त थांबविते, पण तिचा एकच खडा सर्वांच्या गालावर फिरविला जात असेल, तर नव्या पात्याने साधलेली सुरक्षितता तेथे गमावली जाते. घरीही एक रेझर दोघांनी वापरू नये. दाढीचे गजकर्ण हा कवकजन्य विकार जनावरांत वावरणाऱ्या शेतकरी व गुराखी पुरुषांत अधिक आढळतो. तो बरा होईपर्यंत दाढी कातरूनच ठेवावी.

विशेष प्रसंग : श्वसनरक्षक मुखवट्याची कड गालावरून हनुवटीखाली जाते आणि तेथे एक-दोन दिवसांचे खुंटही ती नीट बसू देत नाहीत. त्यामुळे रासायनिक कारखान्यांत, अग्निशमन दलात व रुग्णालयांत या पट्ट्यातील दाढीचे नियम कडक असतात. कोव्हिड-१९ च्या साथीत धर्माने केस न कापणाऱ्या शीख वैद्यकांपुढे हा पेच उभा राहिला. दाढीवर लवचिक पट्टा घट्ट बांधून त्यावर मुखवटा बसविण्याची पद्धत त्यातून पुढे आली.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी उघड्या पात्याऐवजी विजेचा रेझर वापरावा. कंपवात, पक्षाघात इत्यादींमुळे अंथरुणाला खिळलेल्यांची दाढी दुसऱ्याने करावयाची असते तेव्हा रुग्णास शक्यतो उशांच्या आधाराने बसते करावे. शुश्रूषा करणाऱ्याने त्याच्या समोर न राहता डोक्यामागे उभे राहावे, म्हणजे हाताची दिशा स्वतःची दाढी करताना असते तशीच राहते. पक्षाघाताने लोंबलेल्या गालाला आतून आधार नसतो. तेथे त्वचा बोटांनी ताणून धरल्यावाचून पाते लावू नये. घास गालात राहिला नाही ना, हे आधी पाहावे. दाढीचा उपद्रव वारंवार होणाऱ्यांना लेसर उपचार उपलब्ध आहेत. त्यांत केसाच्या मुळातील रंगद्रव्याने शोषलेल्या प्रकाशाच्या उष्णतेने केसपुटक नष्ट वा क्षीण होते. सावळ्या त्वचेत हेच रंगद्रव्य त्वचेतही असल्याने भाजण्याचा संभव असतो. म्हणून भारतीयांच्या बाबतीत १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर अधिक सुरक्षित मानला जातो.